काठमांडूत पहिल्यांदा जाताय? देवळं आणि स्तूप नीट पाहण्यासाठी

काठमांडूला जाणारी बहुतेक मराठी मंडळी पशुपतिनाथाचं दर्शन घेतात, बसमधूनच बौद्धनाथ आणि स्वयंभू उरकतात आणि पोखऱ्याच्या किंवा मुक्तिनाथाच्या वाटेला लागतात. ज्यांना शहर खरोखर पाहायचंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. हाताशी चार-पाच दिवस, पायांत चालण्याची ताकद आणि पहाटे उठायची तयारी एवढं हवं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हिंदू देवळं एका दिवशी आणि बौद्ध देवळं दुसऱ्या दिवशी अशी विभागणी करू नका. तिथली नेवार माणसं, म्हणजे या खोऱ्यातले मूळ रहिवासी, अशी विभागणी करत नाहीत. एकाच मूर्तीपुढे एक जण मच्छिंद्रनाथ म्हणून हात जोडतो आणि दुसरा करुणामय लोकेश्वर म्हणून, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. तेव्हा वाटणी गल्ल्यांप्रमाणे करा, धर्माप्रमाणे नको.

निघण्यापूर्वी

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतंच. आधार कार्डावर काम होईल असं धरून चालू नका. सवलत आहे ती पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीपुढच्या ज्येष्ठांना, तीही वय दाखवणारं फोटोसह ओळखपत्र असेल तरच. विमानतळावर याच कारणावरून अडकलेली कुटुंबं दिसतात, म्हणून घरातल्या प्रत्येकाचा कागद आदल्या दिवशी हातात घेऊन बघा. जमिनीवरून जायचं तर गोरखपूरहून सुनौली किंवा बिहारमधून रक्सौल–वीरगंज हे नेहमीचे रस्ते. डोंगरातून बसचा लांब प्रवास आहे, पावसाळ्यात दरडी कोसळतात.

पैशांचं गणित सोपं आहे. शंभर भारतीय रुपये म्हणजे एकशे साठ नेपाळी रुपये, आणि हा दर 1993पासून बदललेला नाही. दुकानात किंमत ऐकली की लगेच विचारायचं, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. हा एक प्रश्न न विचारल्याने दीडपटीपेक्षा जास्त पैसे सहज जातात. शंभरपर्यंतच्या भारतीय नोटा बऱ्याच ठिकाणी घेतात. पाचशेच्या नोटांचे नियम मात्र बदलत आलेत, निघायच्या आठवड्यात ते तपासा. 2024पासून नेपाळमधल्या अनेक दुकानांत भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. तिथल्या ‘फोनपे’ नावाच्या नेपाळी कंपनीचा क्यूआर दिसला की विचारून बघा. नाव ओळखीचं वाटलं तरी आपल्याकडची ती कंपनी वेगळी. देवळाबाहेर फुलं घ्यायला, टेम्पोत, चहाला सुटे नेपाळी पैसे लागतातच.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. आठवड्याची मोठी सुट्टी शनिवारी असते, त्या दिवशी देवळांत स्थानिकांची प्रचंड गर्दी. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला काळ: हवा स्वच्छ, उत्तरेला बर्फाची शिखरं. मार्च-एप्रिलमध्ये जत्रा जास्त, पण धूर आणि धूळही जास्त, तेव्हा मास्क ठेवा. शहर साधारण चौदाशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे धाप लागण्याचा प्रश्न नाही, पण हिवाळ्यात पहाटे चांगलंच गारठायला होतं.

एक सोय आपल्याला फुकट मिळते. नेपाळी देवनागरीत लिहितात. पाट्या, बसवरची गावांची नावं, देवळातल्या सूचना सगळं वाचता येतं. सूचनेवर 2080च्या पुढचं साल दिसलं तर गोंधळू नका, ते विक्रम संवत आहे, इसवी सनापेक्षा सुमारे 57 वर्षांनी पुढे. आणि माणसांना हाक मारताना ‘दाइ’ (वयाने मोठा पुरुष), ‘दिदी’ (मोठी बाई), ‘भाइ’, ‘बहिनी’. एवढ्या चार शब्दांवर पत्ता विचारण्यापासून भाव करण्यापर्यंत सगळं निभावतं.

राहायचं कुठे

ठमेल हा प्रवाशांचा भाग सोयीचा आहे, गोंगाटही तितकाच. जुनं शहर तिथून चालत गाठता येतं, म्हणून पहिल्या खेपेला दोन रात्री ठमेल ठीक. पुढच्या रात्री शक्य असेल तर बौद्धच्या (बौद्धनाथाच्या भागाला तिथे एवढंच म्हणतात) आसपास किंवा पाटणच्या जुन्या भागात काढा. प्रवाशांच्या बस परत गेल्यावर आणि सकाळी त्या यायच्या आधी ही ठिकाणं वेगळीच असतात, आणि ते बघायचं तर मुक्काम तिथेच हवा.

फिरायला टॅक्सी सगळीकडे आहेत, पण मीटर टाकणारा चालक क्वचित भेटतो. पठाओ किंवा इनड्राइव्ह ॲपवर भाडं आधी कळतं. साझा यातायातच्या हिरव्या बस स्वस्त आणि बऱ्या. विजेवर चालणारे तीनचाकी सफा टेम्पो ठरलेल्या मार्गांवर धावतात. एकदा तरी त्यात बसा.

पहिली सकाळ: ठमेल ते हनुमान ढोका, पायी

सहा-साडेसहाला निघा. ठमेलच्या दक्षिणेला ठहिटी चौक लागतो, मधोमध स्तूप आहे. तिथून सरळ खाली चालत राहिलं की उजव्या हाताला एका मोठ्या चौकात काठेसिंभू. स्वयंभू स्तूपाची ही छोटी प्रतिकृती. ज्यांना टेकडी चढणं जमत नाही त्यांनी इथे प्रदक्षिणा केली तरी तेवढंच पुण्य, असं मानतात. भोवती घरं आहेत, पोरं शाळेला निघालेली असतात, आणि कोपऱ्यात मुलांना सांभाळणाऱ्या हारती देवीचं देऊळ.

आणखी खाली बांगेमुढाला भिंतीत एक ओबडधोबड लाकूड आहे. त्यावर इतके खिळे आणि नाणी ठोकलेली की लाकूड दिसतच नाही. हे दातदुखीचं दैवत. दात दुखला की खिळा ठोकायचा. आजूबाजूला दातांच्या डॉक्टरांच्या पाट्या आहेत, त्या वाचायला विसरू नका.

तिथून डावीकडे थोडं चाललं की असन. सहा रस्ते मिळतात असा हा बाजार, मधे अन्नपूर्णेचं देऊळ, आणि त्यात देवी पूर्णकलशाच्या रूपात. कडेला मसाले, सुकी मासळी, पितळी भांडी, झेंडूच्या माळा. सकाळी भाजीवाल्या बसलेल्या असतात आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण देवळाची घंटा वाजवून पुढे जातो.

असनहून तिरक्या जाणाऱ्या गल्लीत, केल टोलला (टोल म्हणजे मोहल्ला), उजवीकडे एक दार लागतं. सहज चुकतं, म्हणून नीट बघा. आत जनबहाल. या सकाळीत एकच जागा बघायला वेळ असेल तर ती ही. बहाल म्हणजे जुन्या बौद्ध विहाराचं अंगण, चारी बाजूंनी घरं आणि मधे देऊळ. आत सेतो मच्छिंद्रनाथ, म्हणजे पांढरा. आपल्या नवनाथांतले मच्छिंद्रनाथ इथे करुणेचे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आहेत, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला तोच पद्मपाणी. एखाद्या बाकावर बसा आणि पूजेचं ताट घेऊन आलेल्या बाईकडे बघत राहा. आधी अंगणातल्या छोट्या चैत्यांवर (स्तूपांवर) चिमूटभर अक्षता आणि कुंकू, मग मुख्य मूर्तीपुढे दिवा, मग प्रार्थनाचक्रांवर हात फिरवत देवळाभोवती फेरी, मग दाराजवळच्या दगडावर फूल. शेवटी ताटातलंच कुंकू स्वतःच्या कपाळाला. यात बौद्ध किती आणि हिंदू किती हे शोधायला गेलात तर हाताला काही लागणार नाही. पायाखाली मात्र लक्ष असू द्या. दाराशी, रस्त्याच्या मधे, कुठेही कुंकू लागलेला दगड दिसला तर तो देव आहे. त्याला ओलांडू नका.

पुढे इंद्रचोक. तिथे आकाशभैरव वरच्या मजल्यावर बसलाय. मग मखन टोलमधून हनुमान ढोका दरबार चौकात, म्हणजे जुन्या राजवाड्याच्या चौकात. इथे तिकीट आहे. भारतीयांना सार्क देशांचा दर लागतो, बाकी परदेशी प्रवाशांपेक्षा बराच कमी, पण त्यासाठी ओळखपत्र दाखवावं लागतं. तिकीट दिवसभर जपून ठेवा.

तलेजू भवानीचं उंच देऊळ राजा महेंद्र मल्लाने 1564 मध्ये बांधलं. ते सर्वसामान्यांसाठी वर्षातून एकदाच, दसैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) नवमीला उघडतं, म्हणून बाहेरूनच नमस्कार. काळभैरवाची प्रचंड दगडी मूर्ती उघड्यावर आहे. काष्ठमंडप, ज्याच्यावरून शहराला नाव मिळालं असं सांगतात, 25 एप्रिल 2015च्या भूकंपात जमीनदोस्त झाला होता. तो पारंपरिक पद्धतीने लाकडात पुन्हा उभारलाय, आत जाऊन खांब बघा.

कुमारी घर याच चौकाच्या कडेला, 1757 सालचं. कुमारी ही जिवंत देवी. मुलगी निवडतात ती शाक्य कुळातली, म्हणजे बौद्ध घरातली, आणि ती मानली जाते तलेजू भवानीचं रूप. राजेसुद्धा तिच्याकडून टिळा लावून घेत. अंगणात शांतपणे थांबलं तर कधीकधी ती वरच्या खिडकीत क्षणभर येते. तिचा फोटो काढायला सक्त मनाई आहे. मोबाइल खिशातच ठेवा, आणि ‘बोलवा ना तिला’ असा आग्रह धरू नका. ती एक लहान मुलगी आहे, हेही मनात असू द्या.

स्वयंभू

ठमेलहून पायी पाऊण तासाच्या आत टेकडीचा पायथा येतो. गाडीचा रस्ता मागच्या बाजूने आहे, गुडघे दुखत असतील तर तोच घ्या. जमत असेल तर पूर्वेच्या 365 पायऱ्या चढा. शेवटचा टप्पा फारच उभा आहे, कठड्याला धरून जा. वर पोहोचताच समोर भलंमोठं वज्र आणि त्यामागे स्तूप.

कथा अशी की हे खोरं म्हणजे एक सरोवर होतं, त्यातल्या कमळावर स्वयंभू ज्योत होती, आणि मंजुश्री बोधिसत्त्वाने चोभारचा डोंगर तलवारीने कापून पाणी वाहून जाऊ दिलं. स्तूपाच्या मागच्या बाजूला मंजुश्रीचं ठाणं आहे. वसंत पंचमीला शाळकरी मुलं तिथे सरस्वती म्हणून पूजा करतात.

प्रदक्षिणा नेहमी स्तूप उजव्या हाताला ठेवून. आपल्याला सवयीचंच आहे, पण फोटोच्या नादात लोक उलटे फिरतात. चार दिशांच्या कोनाड्यांत ध्यानी बुद्ध आहेत, आणि त्यांच्या हातांच्या मुद्रा बघत गेलात तर फेरीला अर्थ येतो. पूर्वेला भूमीला स्पर्श करणारा अक्षोभ्य, दक्षिणेला वर देणारा रत्नसंभव, पश्चिमेला ध्यानातला अमिताभ, उत्तरेला अभय देणारा अमोघसिद्धी. पाचवा वैरोचन पूर्वेच्या कोनाड्याशेजारीच बसवलाय.

स्तूपाला लागून छोटं सोनेरी छपराचं हारतीचं देऊळ. इथे सगळ्यांत जास्त गर्दी असते ती लेकुरवाळ्या बायांची. हारती मुलांना सांभाळते, देवीच्या रोगापासून वाचवते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पांचिकाशेजारी बसलेली हारीती आठवा, तिचीच ही चालती-बोलती पूजा. बाळाला पहिल्यांदा आणणारी आजी, उकडलेल्या अंड्यांचा नैवेद्य, पुजाऱ्याची लगबग. इथे दहा मिनिटं बाजूला उभं राहा.

माकडं धीट आहेत. हातात पिशवी, बिस्किटं, प्रसाद काही दिसता कामा नये.

पशुपतिनाथ ते बौद्ध, एका दमात

हा माझा सर्वांत आवडता मार्ग आहे आणि तो पायीच करावा. पशुपतिनाथाला पहाटे जा. दुपारी मुख्य देऊळ बंद असतं, संध्याकाळी पुन्हा उघडतं. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स काहीही आत चालत नाही, म्हणून त्या दिवशी मुळातच कापडी पिशवी घ्या. मुख्य आवारात मोबाइल काढू नका, फोटोला बंदी आहे. पश्चिमेच्या दारातून शिरलं की पाठमोरा अजस्र नंदी, त्यापलीकडे चांदीच्या चार दारांचं गर्भगृह. लिंगाला चार दिशांना चार मुखं आहेत. पाचवं, ऊर्ध्वमुख, दिसत नाही. म्हणून चारही दारांसमोर जाऊन दर्शन घ्यायचं, एका दारातून डोकावून परत फिरायचं नाही. मुख्य पुजारी दक्षिण भारतातून आलेले भट्ट, त्यांचे मदतनीस नेपाळी भंडारी. रांगेत कुणी ‘स्पेशल पूजा’ म्हणून गाठलं तर नम्रपणे नको म्हणा. पूजा करायचीच असेल तर आवारातल्या अधिकृत काउंटरवर पावती फाडा.

बाहेर येऊन पूल ओलांडून बागमतीच्या पलीकडच्या काठावर जा. समोर आर्यघाट, तिथे अंत्यसंस्कार सुरू असतात. इथे बसायला हरकत नाही, खूप जण बसतात. पण कॅमेरा कुणाच्या चितेकडे रोखायचा नाही, कितीही जण काढत असले तरी. राख फासून फोटोसाठी बसलेल्या साधूंचा फोटो काढलात तर पैसे द्यावेच लागतात. मला ते टाळलेलंच बरं वाटतं.

पायऱ्या चढून मृगस्थळीच्या झाडीत या. वर गोरखनाथाचं शिखरबंद देऊळ आहे. मच्छिंद्र काल भेटले, आज गोरक्ष. झाडीतून पलीकडे उतरलं की गुह्येश्वरी. हे शक्तिपीठ, आणि वज्रयानी (तांत्रिक पंथाच्या) बौद्धांनाही तेवढंच पूज्य. इथून विचारत विचारत अर्ध्या-पाऊण तासात बौद्धला पोहोचता. वाट वस्तीतून जाते, ‘बौद्ध कता?’ म्हटलं की कुणीही बोट दाखवतं.

बौद्धनाथाचा स्तूप साधारण 36 मीटर उंच आहे. 1959 नंतर तिबेटी निर्वासित इथे मोठ्या संख्येने वसले, म्हणून भोवती गोम्पाच गोम्पा, म्हणजे तिबेटी मठ. भूकंपात वरचा भाग तडकला होता, दुरुस्ती होऊन नोव्हेंबर 2016 मध्ये पुन्हा खुला झाला. दुपारच्या उन्हात पाहून निघू नका. पाच वाजल्यानंतर थांबा. म्हातारी माणसं माळ ओढत, काही जण साष्टांग दंडवत घालत फेऱ्या मारतात, तुम्हीही त्या ओघात मिसळा. मधे थांबून फोटो काढला तर मागची रांग अडते, कडेला व्हा. गोम्पात प्रार्थना चालू असेल तर भिंतीच्या कडेने शिरून मागे बसायचं, पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. संध्याकाळची बागमतीची आरती हवी असेल तर बौद्ध आणि पशुपती यांचा क्रम उलटा करा. दोन्ही संध्याकाळ एका दिवसात बसत नाहीत.

पाटण

बागमतीच्या दक्षिणेला पाटण, अधिकृत नाव ललितपूर. दरबार चौकातलं कृष्ण मंदिर राजा सिद्धिनरसिंह मल्लाने 1637 मध्ये बांधलं, सगळं दगडात. पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत कोरलंय, वरच्यावर रामायण. खालून मान वर करून प्रसंग ओळखायला मजा येते. राजवाड्यातलं पाटण संग्रहालय चुकवू नका. कोणती मुद्रा, कोणती मूर्ती, ती कशी ओतली, हे इतकं नीट समजावलंय की बाकीची देवळं पाहण्याआधीच इथे यावं असं मला वाटतं. वेळापत्रक बसत असेल तर पाटण पहिल्या दिवशी घ्या.

चौकाच्या उत्तरेला हिरण्यवर्ण महाविहार, लोक क्वा बहाल किंवा सुवर्णमंदिर म्हणतात. आतल्या खोलगट अंगणात उतरायचं तर चपला-बूट आणि चामडं बाहेर. तिथे पूजा करणारा पुजारी लहान मुलगा असतो, ठरावीक काळ सेवा करून तो बदलतो. अंगणात कासवं फिरतात, बघून पाय टाका.

वैशाखात गेलात तर रातो मच्छिंद्रनाथाचा रथ दिसेल. वेताने बांधलेला, घरांच्या छपरांहून उंच शिखराचा, हलतडुलत रस्त्यावरून ओढला जातो. गोरखनाथ नागांवर आसन मांडून बसले, बारा वर्षं पाऊस पडला नाही, गुरू मच्छिंद्रनाथांना कामरूपहून (आसामातून) आणल्यावर ते उठले आणि पाऊस आला, ही त्यामागची कथा. देव वर्षातला काही काळ दक्षिणेच्या बुंगमती गावात राहतो. तेही छोटं, लाकूडकामाचं गाव, अर्ध्या दिवसात होतं.

भक्तपूर

शहरापासून पूर्वेला सुमारे तेरा किलोमीटर. तिकीट इथे सगळ्यांत महाग, पण आल्यावर पहिल्याच दिवशी ओळखपत्र दाखवून त्याची मुदत वाढवून मिळते, म्हणून रात्रीचा मुक्काम करणाऱ्यांना परवडतं. पाच छपरांचं न्यातपोल देऊळ 1702 सालचं, राजा भूपतींद्र मल्लाचं. पायऱ्यांवर खाली पैलवान, मग हत्ती, सिंह, शार्दूल आणि वर देव्या, प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दसपट बलवान. बहुतेक जण इथेच थांबतात. आपण पुढे ताचपाल टोलला जायचं, कारण तिथे दत्ताचं देऊळ आहे. पंधराव्या शतकात यक्ष मल्लाच्या काळात उभं राहिलेलं, एकाच झाडाच्या लाकडातून केलं असं गावात सांगतात. दाराशी तेच दोन पैलवान, जयमेल आणि फत्ता. नरसोबाची वाडी किंवा गाणगापूर पाहिलेल्याला इथे पादुकांची सवय बाजूला ठेवून तीन मजली लाकडी देवळात दत्त भेटतो. शेजारच्या पुजारी मठाची मोराची खिडकी बाजूच्या बोळात आहे. मातीच्या कुंडीतलं जुजु धौ, म्हणजे इथलं घट्ट गोडसर दही, खाऊनच परत फिरा. उत्तरेच्या टेकडीवरचं चांगुनारायणाचं देऊळ त्याच दिवशी जोडता येतं. तिथला राजा मानदेवाचा शिलालेख 464 सालचा आहे, गरुडाच्या मूर्तीजवळ.

खाणं आणि खरेदी

नळाचं पाणी पिऊ नका. शाकाहारी असाल तर मोमो मागताना ‘भेज’ असं स्पष्ट सांगा, कारण ‘बफ’ म्हणजे म्हशीचं मांस आणि तेच सर्वत्र चालतं. नेवारी ‘बारा’ हा उडदाच्या डाळीचा जाडसर घावन आहे. वर मांस किंवा अंडं नको असेल तर आधी सांगा. दसैंच्या दिवसांत अनेक देवळांसमोर बळी देतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्या दिवसांत जाऊ नका, शिवाय दुकानंही बंद असतात.

मूर्ती घ्यायची तर पाटणमध्ये महाबौद्ध देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांत, जिथे मेणाच्या साच्यातून ओतकाम करणाऱ्यांचीच दुकानं आहेत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि नवी मूर्ती जुनी दिसत असली तरी पुरातत्त्व विभागाचं प्रमाणपत्र विमानतळावर मागू शकतात. चांगला दुकानदार ते स्वतः काढून देतो, पण त्याला कामाचा एखादा दिवस लागतो. म्हणून मूर्ती शेवटच्या दिवशी घेऊ नका, आणि शनिवारच्या आदल्या संध्याकाळी तर नकोच.